शेठची गाडी, एकास सत्याऐंशी

आमच्या कांदिवलीच्या घरात एक अमेरिका आहे. सहा फूट बाय साडेतीन फूट, प्लायवर वसलेली आणि हॉलमधल्या दिवाणावर ठेवलेली. तिच्यात एक स्टेशन आहे, एक चर्च आहे, धान्याचं कोठार आणि पेट्रोल पंप आहे, आणि या सगळ्याला वळसा घालून धावणारी एक मालगाडी आहे. गणपतीत दिवाण बाप्पाला लागतो, तेव्हा अमेरिका पाच दिवस पलंगाखाली जाते. ती तिथेच राहिली तरी चालेल असं बायकोचं म्हणणं आहे, आणि दर वर्षी विसर्जन करून आलो की ती ते पुन्हा बोलून दाखवते.

अमेरिकाच का, असं येणारे-जाणारे विचारतात. उत्तर साधं आहे. माझ्या मावसभावाने तिकडून येताना आणलेला रेल्वेचा संच अमेरिकन होता, आणि एकदा रूळ अमेरिकन म्हटल्यावर गाव माणगावचं करता येत नाही. माप एकास सत्याऐंशी. म्हणजे खरी वस्तू सत्याऐंशी पट लहान करायची. माणूस दोन सेंटिमीटरचा होतो, दार अडीच सेंटिमीटरचं. यात सूट नाही. एका दिवाळीत शेजारणीने हौसेने मुलांच्या किल्ल्यातला एक मावळा चर्चपाशी आणून उभा केला. मी पट्टी लावली तर तो मापाने चौदा फुटी निघाला. मी तो हातात देऊन त्यांना परत पाठवलं. तेव्हापासून त्या आमच्याकडे साखर मागायला येत नाहीत.

स्वभावाला औषध नाही. मी साकीनाक्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. कामगार पीस आणून टेबलावर ठेवायचे, मी व्हर्नियर लावून माप बघायचो आणि बहुतेक वेळा नाही म्हणून मान हलवायचो. माझ्या पाठीमागे ते मला काय म्हणत ते मला माहीत होतं, इथे लिहिण्यासारखं नाही. निवृत्त झाल्यावर व्हर्नियर घरी आला आणि मान हलवायला कोणी उरलं नाही, म्हणून ही अमेरिका.

गावाला रस्ता होता पण रस्त्यावर गाड्या नव्हत्या. मागच्या दिवाळीच्या सुमाराला मी एक खोका मागवला. त्यात तीन अमेरिकन सेडान होत्या, पन्नास-साठ सालांतल्या असायच्या तशा. लांबलचक, बसक्या, पुढे दात काढल्यासारखी चकचकीत जाळी आणि मागे शेपटीला दोन्हीकडे पंख. प्रत्येक गाडी बोटाएवढी. मी त्या रस्त्यावर मांडत होतो तेव्हा बाबा भिंग घेऊन आले.

बाबांचं वय शहाऐंशी. त्यांनी सव्वीस वर्षं पार्ल्याच्या एका लाकूडवाल्या शेठची गाडी चालवली, आणि ती गाडी होती अशीच एक मोठी चार दरवाजांची अमेरिकन सेडान. ती आमच्या घरात कधीच आली नाही, तरी तिच्याशिवाय घरात दुसरा विषय नसायचा. आज ती धुतली, आज ती खंडाळ्याचा घाट एका दमात चढली, आज तिला आवाज येतोय. आई तिला सवत म्हणायची, आणि ते निव्वळ थट्टेत नसायचं. मी स्वतः त्या गाडीत एकदाही बसलो नाही. शेठची गाडी ती, ड्रायव्हरच्या पोरांना फिरवायला नव्हती, आणि बाबा त्या बाबतीत शेठपेक्षा कडक होते.

बाबांनी एक गाडी उचलली, भिंगाखाली धरली आणि विचारलं, "ही खय गावली?"

मी म्हटलं, मागवली. शेठची अशीच होती ना? ते बराच वेळ बघत राहिले.

"तसलीच," ते म्हणाले. "पन ती न्हय."

त्याच महिन्यात मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो होतो. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे, बाई म्हणाल्या. मधली नजर हळूहळू जाईल, कडेची राहील. इंजेक्शनं देऊ, पण किती दिवस रोखता येईल ते सांगता येणार नाही. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि रिक्षात मला सांगितलं की बाईंच्या टेबलावरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं होतं. म्हणजे अजून दिसत होतं. मी तिथेच रिक्षात ठरवलं की यांना दिसतंय तोवर ती गाडी बनवायची. तसली नाही, ती. त्यांच्या हातात द्यायची आणि त्यांच्या तोंडून "हीच ती" ऐकायचं. मला त्यांच्याकडून आयुष्यात दुसरं काही ऐकायचं राहिलं नव्हतं असं नाही, पण हे एक तरी मोजून-मापून करता येण्यासारखं होतं.

त्या गाडीचा एकच फोटो घरात आहे. शेठच्या मुलीच्या लग्नातला. त्यात गाडी फुलांनी मढवलेली आहे आणि पुढे बाबा उभे आहेत. बॉनेट त्यांनी पूर्ण झाकलंय, कारण त्या काळातही ते काही बारीक नव्हते. उरलेल्या गाडीवरून मी मापं काढली.

ओतकामासाठी मी साकीनाक्याच्या माझ्या मित्राकडे गेलो. तो अंधेरीच्या जुन्या गावठाणातल्या ख्रिश्चन घरातला, शेतं गेली तेव्हा बापाने घेतलेल्या गाळ्यात बाटल्यांची झाकणं बनवतो. खोक्यातल्या एका गाडीला कापून, तासून, पुट्टी भरून मी नमुना तयार केला. त्याचा सिलिकॉनचा साचा त्याने घेतला आणि त्यात पातळ प्लास्टिकसारखं रेझिन ओतून दिलं. एवढा हजारो झाकणांचा धंदा सोडून आपण एक गाडी ओततोय हे त्याने मला दर वेळी ऐकवलं, पण कधी नाही म्हणाला नाही. उलट त्यालाही चेव चढला. साच्यात हवेचा बुडबुडा राहिला की माझ्याआधी तोच शिव्या द्यायचा.

पहिली गाडी फेब्रुवारीत झाली. बाबांनी भिंग लावलं आणि सरळ काचेतून आत बघितलं.

स्टेअरिंग उलट्या बाजूला आहे, ते म्हणाले.

आणि होतंच. अमेरिकेत रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात म्हणून स्टेअरिंग डावीकडे. मुंबईत आलेल्या गाड्या मात्र उजव्या स्टेअरिंगच्या होत्या. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला ही चूक सापडली नव्हती. मी निमूट गाडी परत घेतली. बायको स्वयंपाकघरात हसली, ते मला ऐकू आलं.

दुसरी गाडी एप्रिलमध्ये. या वेळी स्टेअरिंग उजवीकडे, आणि रंग फोटोवरून अंदाजाने हिरवा, कारण फोटो काळा-पांढरा आहे. बाबांनी मान हलवली. मग रंग कसा होता, मी विचारलं. ते विचार करून म्हणाले, अळवाचं पान उलटं केलं की पाठीचा असतो ना, तो.

त्यानंतर दोन आठवडे मी रोज स्टेशनसमोरच्या भाजीवालीकडून अळू आणत होतो. एका हातात पान उलटं धरायचं, दुसऱ्या हाताने रंग मिसळायचा. पण पान तासाभरात मलूल पडतं आणि रंग बदलतो, म्हणून रोज ताजं लागायचं. भाजीवाली सबंध जुडी देते, एक पान देत नाही. रंग जुळेपर्यंत आमच्याकडे पाच वेळा अळूवड्या आणि तीन वेळा फदफदं झालं. सोसायटीचा वॉचमनसुद्धा अळूवडी नको म्हणायला लागला.

चकचकीत पट्ट्यांना मी मिठाईवरचा चांदीचा वर्ख वापरला. त्याच्याइतका पातळ पत्रा दुसरा नाही. डिंकाचा पुसटसा हात द्यायचा, श्वास रोखायचा आणि ब्रशच्या टोकाने वर्ख बसवायचा. मिठाईवाला वर्ख सुटा देईना. मग काजूकतली घेऊन घरी वरचा वर्ख सोडवायचा प्रयत्न केला. ते जमत नाही, कोणी करू नये. शेवटी मी त्याला गाडीचा फोटो दाखवला, तेव्हा त्याने चार पानं वर्ख फुकट दिला आणि झाली की दाखवायला आणा म्हणाला.

तिसरी गाडी जूनमध्ये झाली. स्टेअरिंग उजवीकडे, अळवाच्या पाठीचा रंग, चांदीचे पंख, मागच्या काचेला शेठाणीने लावले होते तसे पडदे. व्हर्नियर लावा, सूक्ष्मदर्शक लावा, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मी स्वतः ती पास केली असती, आणि हे मी कुणाही पीसबद्दल सहज म्हणत नाही. बाबांसमोर ठेवली. ते तिच्याकडे सरळ बघेनात. मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते, नको असलेला पाहुणा दारात आल्यावर बघावं तसं. मग हात पुढे करून त्यांनी ती चाचपली, टेबलावर जराशी सरकवल्यासारखी केली, आणि ठेवून दिली.

"न्हय," ते म्हणाले. "ही ती न्हय."

काय चुकलं, मी विचारलं. ते काही सांगेनात. नाही म्हणजे नाही. मला इतका राग आला की मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. सहा महिने राबायचं आणि समोरच्याने धड बघूही नये? माझी चिडचिड ऐकून बायको म्हणाली, "अहो, एकतीस वर्षांत तुम्ही कोणाला कारण सांगितलं होतं का?" मी म्हटलं, तो कारखाना होता. ती म्हणाली, त्या लोकांना पण घरदार होतं.

पुढच्या महिन्यात इंजेक्शनाला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी सांगितलं की मधली नजर आता फारशी उरलेली नाही. असे पेशंट कडेने बघतात, समोरची वस्तू बघायला मान वळवतात. मी ते ऐकलं आणि मला स्वतःची लाज वाटली. तुच्छता समजून मी ज्याच्यावर चिडलो होतो, ते बघणं होतं. ते जितकं बघता येत होतं तितकं बघत होते. आणि आता त्यांना दिसेल अशी गाडी करायची वेळ माझ्या हातून निघून गेली होती. चौथी गाडी मी केलीच नाही. तिसरीच डबीत घालून कपाटात ठेवली.

दसऱ्याला आमच्याकडे पाटावर हत्यारं पुजतात. कोकणातून गिरणीत आलेल्या आजोबांचा पाना, माझा व्हर्नियर, बायकोची शिलाई मशीन, अलीकडे कुकर आणि मिक्सर. बाबांची मात्र पाटावर कधी वस्तू नसते. त्यांचं हत्यार शेठच्या अंगणात असायचं. सव्वीस दसरे त्यांनी तिथे पूजा केली, गाडी धुऊन, हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून. शेठचं घर पडून टॉवर झाला त्याला जमाना लोटला. या दसऱ्याला बायकोने मला न विचारता कपाटातून डबी काढली आणि गाडी पाटावर मिक्सरशेजारी ठेवली.

बाबा आंघोळ करून आले, चाचपत पाटापाशी बसले. हाताला गाडी लागली. मी वर्ख आणि रंग जपायला पुढे सरसावलो तेवढ्यात त्यांनी बोटाने बॉनेटला कुंकू लावलंही. मापाने ते कुंकू चांगलं परातीएवढं झालं. झेंडूची एक पाकळी टपावर ठेवली. मग म्हणाले, लिंबू दे.

बायकोने लिंबू आणलं. ते गाडीच्या दुप्पट उंच होतं. सत्याऐंशी पटीने धरलं तर दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरच वर हात पोचेल, एवढं. माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, बाबा, थांबा, मापाचं लिंबू देतो. मी मसाल्याच्या डब्यातून खसखस आणली. खसखशीचा दाणा मापाने जरा मोठाच होतो, पण लिंबात मोठी लिंबंही असतात. चिमट्याने एक दाणा पुढच्या चाकासमोर ठेवला. बाबांना मी समजावून सांगितलं, आणि त्यांनी ते गंभीरपणे मान्य केलं. लिंबू कशाचं का असेना, गाडी त्याच्यावरून गेली पाहिजे.

त्यांनी टपावर बोट ठेवलं आणि पुढे ढकललं. गाडी खर्र करून घसटत गेली आणि दाणा पुढे उडाला.

बाबांनी गाडी उचलली, उलटी केली आणि अंगठ्याने चाक फिरवून बघितलं. मग म्हणाले, "चाका फिरनत नाय. मगे ही गाडी कसली?"

मी सांगायला लागलो की जगभर असंच करतात, रेल्वेच्या गावात धावते ती रेल्वे, मोटारी नुसत्या शोभेला, त्यांची चाकं चिकटवलेलीच असतात. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की जूनमध्येही त्यांनी ती टेबलावर सरकवून बघितली होती. मी ओरडलोच. वर्षभर मी रंग घोटतोय, अळू खातोय, आणि एवढंच होतं तर तेव्हा सांगायला काय झालं होतं?

बाबा शांतपणे म्हणाले, "माका वाटला, तुका म्हायत आसात."

दसरा मावळायला सहा-सात तास होते. मी गाडी डबीत घातली आणि मेट्रोने साकीनाका गाठला. मित्राच्या गाळ्यात लेथला झेंडूचा हार, ड्रिल मशीनला कुंकू, आणि मशीनचा मेन स्विच बंद. मी म्हटलं, दोन मिनिटं ड्रिल चालू कर. तो नाही म्हणाला. आज पूजा झाली, आज मशीनला हात लावायचा नाही. मी म्हटलं, तू रविवारी चर्चमध्ये मासला जाणारा माणूस, तुला काय दसरा? तो म्हणाला, "तीस वर्षं या मशीनवर हार घालतोय रे. माझं बोट शाबूत आहे ते असंच नाही."

म्हणून सगळं हाताने केलं. चारी चाकं ब्लेडने सोडवली. आठ मिलिमीटरचं एकेक चाक चिमट्यात धरायचं आणि हाताच्या ड्रिलने त्याच्या मधोमध सुईएवढं भोक पाडायचं. आसाला शिवणाची सुई कापून घेतली. मित्र टॉर्च धरून उभा होता आणि मी श्वास घेतला तरी मला ओरडत होता. तीन चाकं नीट झाली. चौथ्याचं भोक केसभर बाजूला गेलं. दुसरं चाक ओतायला वेळ नव्हता. मी ते चाक बराच वेळ बघत बसलो, आणि मग बसवलं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. बाबा पाटापासून हलले नव्हते. बायकोने सकाळचं लिंबू उचलायला घेतलं होतं, ते तिच्या हातातच होतं. मी गाडी पाटावर ठेवली, खसखशीचा नवा दाणा चाकापुढे ठेवला आणि बाबांचं बोट टपावर नेऊन ठेवलं.

ते लगेच ढकलेनात. त्यांचा डावा पाय क्लच दाबावा तसा जमिनीवर दाबला गेला. डावा हात स्टेअरिंगखालच्या गियरवर गेला, हवेतच, आणि खाली ओढला गेला. मग पाय सावकाश सुटला आणि गाडी निघाली. चौथ्या चाकामुळे जराशी लंगडत होती, पण निघाली. पाटावरून वीतभर गेली आणि दाण्यावरून पार झाली.

"लंगडता," बाबा म्हणाले. "पन चलता." मग त्यांनी विचारलं, "लिंबू फुटला काय रे?"

मी भिंग घेऊन वाकलो. रेझिनच्या एवढ्याशा गाडीला वजन ते काय. दाणा अख्खा होता, लाकडाच्या रेषेत जाऊन बसला होता. उभ्या आयुष्यात मी न फुटलेल्याला फुटलं म्हटलं नव्हतं.

"फुटलं, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवली, कडेने बघायला नाही, नाक वर करून.

"मगे वास कसो येऊक नाय?"

खसखशीला कसला वास? मी तसाच वाकून राहिलो. तेवढ्यात बायको, वर्षभर जी या गाडीवरून मला हसत आली होती ती, माझ्या मागून पुढे आली, बाबांच्या बाजूला खाली वाकली आणि तिने हातातल्या लिंबाच्या सालीत नख खोल रुतवलं.

बाबांनी लांब श्वास घेतला.

"हां," ते म्हणाले, आणि टपावरून तळवा फिरवला. "हीच ती."

बायकोने माझ्याकडे बघितलं नाही, ती लिंबू घेऊन आत गेली. मी पाटावरचा दाणा उचलायला लागलो. डोळे भरून आले होते, त्यामुळे तो काही केल्या हाताला लागेना.